पावणेसहाचं ग्राउंड आणि दुधाशिवायचा डबा

पहाटे पावणेपाचला बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या गल्लीत दोनच घरांत दिवे लागलेले असतात. एक समोरच्या दूधवाल्या काकांचं आणि एक आमचं. ते स्कूटरला कॅन बांधत असतात, मी फडक्यात बांधलेली मटकी सोडत असते. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्या कॅनमधलं पहिलं लिटर आमच्याकडे यायचं. आता येत नाही, पण काका अजून रोज हात करतात.

मी एका मराठी हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवते. पावणेसहाला कबड्डीच्या मुली ग्राउंडवर येतात. सव्वासातपर्यंत सराव, मग घरी येऊन आंघोळ, दोन डबे, मुलाचं दप्तर, आणि साडेनऊला परत शाळा. संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस मी स्वतः पळते, रविवारी सायकल घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाते. हे सगळं सांगायचं कारण, बऱ्याच बायका मला विचारतात की दूध, दही, तूप, अंडी काहीच नाही तर एवढं पळायचं बळ येतं कुठून, आणि असलं वेगळं जेवण करायला वेळ मिळतो कधी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं सोपं: वेळ रात्री मिळतो, झोपेत. भिजत घातलेलं धान्य आपण झोपलेलो असताना आपलं काम करत असतं.

दूध का सोडलं ते एकदाच सांगते. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्यावरचं एक लहान गाव. घरात कायम दोन म्हशी. मेच्या सुट्टीत गेले होते तेव्हा धाकटी म्हैस व्यायली, रेडकू झालं. रेडी असती तर तिला पाजलं असतं. रेड्याला कोण पाजणार? म्हशीच्या कर्जाचा हप्ता दुधावर होता, दूध डेअरीला जायचं. नवव्या दिवशी ते गेलं. म्हैस तीन रात्री ओरडत होती आणि मी त्याच घरात ओट्यावर बसून चहा पीत होते. आईला मी दोष देत नाही. तिने त्या म्हशींवर आम्हा तिघा भावंडांना शिकवलं, माझी बी.पी.एड.ची फीसुद्धा त्यातूनच गेली. पण चौथ्या दिवशी चहा घशाखाली उतरेना, आणि मग उतरलाच नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणाली, "दूध सोडून खाणार काय तू? रोज पळतीस, अंगात ताकद कुठनं येणार?"

तिचा प्रश्न खरा होता. आणि आमचं जुनं जेवण मुळातच व्हीगन, म्हणजे दूध-अंडी-मांस काहीच नसलेलं, होतं असं जे लोक म्हणतात ते मला पटत नाही. भाकरीवर लोण्याचा गोळा असायचा, आंबिलीत ताक असायचं, पिठल्याशेजारी दही असायचं. ते होतं म्हणूनच ते जेवण पूर्ण होतं. त्यातून दूध काढायचं तर त्या जागी काय बसतं याचा विचार करावा लागतो. मी पहिले सहा महिने तो केलाच नाही. नुसतं काढून टाकलं. भात-आमटी, पोळी-भाजी खात राहिले, दोन किलो वजन उतरलं, आणि संध्याकाळच्या पळण्यात तिसऱ्या किलोमीटरलाच पाय जड व्हायला लागले.

मग वही घेऊन बसले. कोरड्या कडधान्यात शंभर ग्रॅममागे साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात 25 च्या आसपास. भिजून शिजल्यावर पाणी वाढतं, म्हणून उसळीच्या शंभर ग्रॅममध्ये ती सात-आठवर येतात. म्हणजे चमचाभर उसळ तोंडी लावून भागणार नाही, मोठी वाटी भरून खायला पाहिजे. आपल्याकडे भाकऱ्या तीन आणि कोरड्यास चमचाभर, हा हिशेब उलटा करायला लागतो. माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा बदल होता. भाकरी दीड, उसळ दोन वाट्या.

आता खरं स्वयंपाकघर.

रविवारी सकाळी गडावरून आल्यावर दीड तास मी ओट्यापाशी असते आणि तो दीड तास पुढचे सहा दिवस पुरतो. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, घाई केली की बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. दोन वाट्या दाण्यांना दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरे, मीठ, आणि तिखट दोन प्रकारचं: रंगाला ब्याडगी, झणझणीतपणाला संकेश्वरी. मिक्सर सलग फिरवायचा नाही. थांबून थांबून फिरवायचा, म्हणजे दाण्याला तेल सुटतं आणि चटणी मुठीत दाबली तर गोळा होतो. आमच्याकडची शेंगाची चटणी अशीच लागते, कोरडी भुकटी झाली तर ती चुकली. दुसरी कारळ्याची. माझी धारवाडची मैत्रीण तिला गुरेळ्ळू म्हणते. कारळे तडतडायला लागले की लगेच उतरवायचे, अर्धा मिनिट जास्त झालं तर चटणी कडू होते आणि मग तिला काही उपाय नाही. तिसरी जवसाची, तिला कन्नडमध्ये अगसी. तीन बरण्या भरल्या की आठवड्याची निम्मी काळजी मिटते. चटणीवर दह्याऐवजी घाण्याचं शेंगतेल. पहिल्या घासालाच कळतं की दही तिथे आंबटपणासाठी होतं, म्हणून मी शेजारी लिंबाची फोड ठेवते.

रविवारीच खडक रोट्टीची दोन पाकिटं घरात येतात. विजापूर-बागलकोटकडच्या बायका ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ करून वाळवतात, ती महिनाभर टिकते. बेळगावात आता दुकानादुकानात मिळते. ज्या दिवशी भाकरी थापायला वेळ नसतो त्या दिवशी ही रोट्टी हाताने मोडायची, वरून मटकीचा गरम कट ओतायचा, कांदा, कोथिंबीर, लिंबू, भरपूर उसळ. तीन मिनिटं. रोट्टी कट पिऊन मऊ होते पण काही तुकडे कुरकुरीत राहतात. माझा नवरा उद्यमबागला मशीन शॉपमध्ये दुसऱ्या पाळीला असतो, रात्री साडेअकराला येतो. त्याला हेच लागतं. तो दूध पितो, मी त्याच्यासाठी वेगळं काही करत नाही, तोही मागत नाही.

मटकी एका शिट्टीत होते. मोड आलेले हुलगे दोन, बिनमोडाचे चार-पाच. चवळी भिजवलेली असेल तर दोन. हे मी ओट्याच्या वरच्या फळीला आतून पेन्सिलीने लिहून ठेवलंय, कारण घाईत माणूस कुकरच्या शिट्ट्या विसरतो. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, बेळगावच्या गारठ्याला मोड यायला दोन दिवस लागतात. तेव्हा फडक्यातली मटकी भाताच्या गरम कुकरशेजारी ठेवते, वर जुनी शाल. जुलैत उलट त्रास, पाऊस असला की वास येतो. तेव्हा फडकं दिवसातून दोनदा धुवायचं आणि मोड अर्ध्या बोटाएवढे व्हायची वाट बघायची नाही. शेपूट दिसली की शिजवायला घ्यायची.

सकाळच्या घाईची राणी म्हणजे सुसला. चार वाट्या चिरमुरे पाण्यात बुडवून लगेच दोन्ही हातांनी पिळायचे, भिजत ठेवायचे नाहीत. कढईत शेंगतेल, मोहरी, जिरं, मूठभर शेंगदाणे, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, टोमॅटो, हळद. चिरमुरे टाकायचे, वर डाळ्याचं पीठ दोन मोठे चमचे, मीठ, लिंबू. ते पीठ उरलेलं पाणी शोषून घेतं आणि प्रत्येक चिरमुऱ्याला चिकटतं. सात मिनिटांत ताटात. पण खरं सांगायचं तर सराव करणाऱ्या माणसाला सुसला एकटा पुरत नाही, दोन तासांत पोट रिकामं. मी त्यात वाफवलेली मटकी घालते आणि शेंगदाणे दुप्पट. चव बिघडत नाही.

पिठलं सगळ्यांना येतं, त्यावर काय लिहू. एवढंच की लोखंडी कढईत करा, वरून लिंबू पिळा. लिंबू फक्त चवीला नाही. धान्य-कडधान्यातलं लोह अंगाला लागायला आंबट फळातलं क जीवनसत्त्व मदत करतं आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा आडवा येतो. म्हणून मी चहा जेवणानंतर तासाभराने घेते. कोरा, गवती चहा आणि आलं घालून. हा चहा स्वीकारायला मला वर्ष लागलं. दुधाच्या पदार्थांपैकी खरं जड गेलं ते एवढंच. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपाशी मैत्रिणींबरोबर उभं राहून अर्धा कप घ्यायची सवय पंधरा वर्षांची होती. अजूनही त्यांच्याबरोबर जाते, लिंबूचहा घेते.

आंबील मात्र मी सोडली नाही, तिला फक्त ताकापासून वेगळं केलं. रात्री नाचणीचं पीठ दोन मोठे चमचे पेलाभर पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत ते स्वतःच आंबतं. मग उकळत्या पाण्यात ओतून चार मिनिटं ढवळायचं, मीठ, ठेचलेला लसूण, जिरेपूड, गार झाल्यावर बारीक कांदा. ताक नसलं तरी आंबट लागते, कारण आंबटपणा पिठातच तयार झालेला असतो. जास्त आंबट हवी असेल तर दोन आमसुलं चुरडून घाला, खानापूरकडे, गोव्याच्या बाजूला ती घराघरात असतात. नाचणीत शंभर ग्रॅममागे 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात 120 च्या आसपास. मी एका वेळी शंभर ग्रॅम पीठ काही खात नाही, म्हणून तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला आठवड्यातून दोनदा येतोच. आईच्या परड्यात शेवगा आहे.

ही आंबील मी थर्मासमधून ग्राउंडवर नेते. मुलींबद्दल इथे लिहायलाच पाहिजे. संघात चौदा मुली आहेत. काही येळ्ळूर, धामणे, मच्छे अशा गावांतून पहिल्या बसने येतात, पहाटे पाचला घर सोडतात. घरात कुणी उठलेलं नसतं, चूल पेटलेली नसते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक मुलगी रेड टाकून परत येताना मध्यरेषेवरच बसली. डोळ्यांपुढे अंधारी. विचारलं, रात्री काय खाल्लं? भात. सकाळी? "काय नाही टीचर, बस चुकली असती."

तेव्हापासून माझ्या पिशवीत पाच लिटरचा स्टीलचा डबा असतो. त्यात मोडाचे हरभरे वाफवून, मीठ-लिंबू लावून, कच्चा कांदा, गाजर, भाजलेले शेंगदाणे, शेवटी गुळाचा खडा. सव्वासातला सराव संपला की गोल करून बसायचं, प्रत्येकीला एक मोठी वाटी. खर्च पहिल्यांदा मी एकटी करत होते, आता दोन शिक्षक हरभरे आणून देतात आणि एका मुलीचे वडील, ज्यांचं शेत आहे, गाजरं पाठवतात. या मुलींना मी व्हीगन हा शब्दही कधी सांगितलेला नाही. त्यांच्या घरात म्हशी आहेत, मिळेल तेव्हा त्या दूध पितात, प्यावं. वाढत्या वयात ताटातलं काही काढून घ्यायला मी कोण? मला त्यांच्या वाटीत भर घालायची आहे.

पण ज्यांना विचार करून दूध सोडायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट, आणि ही नुसती वाचून पुढे जाऊ नका. दूध सोडल्यावर दीड वर्षाने माझ्या पावलांत मुंग्या यायला लागल्या. रात्री जास्त. मी समजले बुटांमुळे आहे, नवे बूट घेतले. मग शिट्टी वाजवून झाल्यावर धाप लागायला लागली, मुलींची नावं पटकन आठवेनात. एका दवाखान्यात दोनदा गेले, थकवा आहे म्हणून टॉनिक मिळालं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी खाण्याबद्दल विचारलं आणि रक्त तपासलं. बी-12 खूप कमी. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. मोडातून नाही, आंबिलीतून नाही, इडलीच्या पिठातूनही नाही. जे लोक आंबवलेल्या पदार्थांतून मिळतं म्हणून सांगतात त्यांचं मी ऐकलं होतं, आणि त्याची किंमत मोजली. आधी इंजेक्शनं, मग गोळी. मुंग्या जायला चार महिने लागले. ही कमतरता लांबली तर नसांना कायमची इजा होऊ शकते. तेव्हा दूध, अंडी, मांस सगळं बंद करणार असाल तर पहिल्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून बी-12 घ्या आणि वर्षातून एकदा तपासा. माझ्या चटण्या न करता चालेल, हे न करता चालणार नाही.

बाहेर खायची वेळ येते तेव्हा तीन वाक्यं पाठ असली की उत्तर कर्नाटकात कुठेही भागतं: हालु ब्याड, मोसरु ब्याड, तुप्प ब्याड. दूध नको, दही नको, तूप नको. गेल्या फेब्रुवारीत संघाला घेऊन गोकाकला गेले होते. खानावळीतल्या अक्कांनी हे ऐकून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, आजारी आहेस का? नाही म्हटल्यावर त्यांनी ज्वारीची गरम रोट्टी, भरली वांगी, मडकी काळ म्हणजे आपली मटकीची उसळ, आणि कच्च्या मेथीची पानं, कांदा, काकडी असं ताट वाढलं. एकही गोष्ट वेगळी करायला लागली नाही, फक्त दह्याची वाटी उचलली. गोकाकची कर्दंट नावाची मिठाई मुलींनी घेतली, मी नाही खाल्ली, तिच्यातला डिंक तुपात तळतात. बिस्किटं आणि पाव घेताना मात्र पाकिटामागचं वाचते, दुधाची भुकटी तिथे हमखास असते.

आणि शेवटचं, हुलग्याचं माडगं. हे मी स्वतः करत नाही, म्हणजे पीठ करत नाही. हुलगे भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, खरपूस भाजून गिरणीतून दळून आणायचे, एवढा उटारेटा माझ्याच्याने होत नाही. तो आई करते. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवायचं, उकळत्या गुळाच्या पाण्यात ओतायचं, सुंठ आणि चिमूटभर मीठ, गाठी न होता पाच मिनिटं घोटायचं. माहेरी शेवटी दूध घालायचे. मी नारळाचं दूध घालते, नाहीतर काहीच नाही. पावसात भिजून ग्राउंडवरून आल्यावर वाटीभर माडगं प्यायलं की अकरापर्यंत भूक लागत नाही.

आई हे पीठ खानापूरहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देते, मी स्टँडवर जाऊन घेते. पहिल्या वर्षी पिठाच्या डब्याशेजारी न चुकता तुपाची बरणी असायची. काही न बोलता पाठवायची, मीही काही न बोलता ती शेजारच्या आजींना द्यायची. दुसऱ्या वर्षीही आली. या दिवाळीआधी पिशवी उघडली तर बरणी नव्हती. तिच्या जागी जुन्या साडीच्या कापडात बांधलेले दोन किलो कारळे होते, निवडलेले, एक खडा नाही. फोन केला तर म्हणाली, "यंदा शेताच्या बांधाला केलेत. भाजताना जपून, तुझ्याने करपतात."